गाडीच्या तळाला शेंदूर

त्यांना मी हसताना एकदाच पाहिलं. त्या दिवशी त्यांची दाढ दुखत होती, त्यामुळे ते हसणं होतं की कण्हणं, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. बाकी सगळा वेळ ते चिडलेले असत. सकाळी उठून अंगणात येत, खाली दिसणाऱ्या सूयाकच्या समुद्राकडे बघत आणि त्याला एक शिवी देत. मग चहा. चहा गरम असला तर एक शिवी, निवला असला तर दोन. त्यानंतर कोंबड्या, हातोडा, सरकार आणि मग गिऱ्हाईक.

पत्र्याचं काम करणाऱ्याला आमच्या मॉरिशसमध्ये तोलिये म्हणतात, म्हणून सारं गाव त्यांना तोलियेकाका म्हणे. गावाच्या तोंडाशी, बदामाच्या झाडाखाली त्यांची शेड होती. शेड म्हणजे चार खांब आणि वर पत्रे. हे पत्रे दोन वादळांनी दोनदा उडवून नेले होते, आणि ती दोन्ही वादळं आपल्याशी जुनं वैर धरून आली होती अशी काकांची खात्री होती. जेवायला बसत ते समुद्राकडे पाठ करून. मी एकदा विचारलं, "काका, एवढा सुंदर देखावा, आणि तुम्ही तोंड फिरवून बसता?"

"देखावा?" हातातला घास त्यांनी ताटात आपटला. "खारा वारा सोडतो मेला! माजं काम खातो. आज पत्रा लावावा, चार वर्सांत ह्यानं चाळणी केलेली. त्याचं तोंड बघून जेवू मी?"

समुद्रात पाऊल टाकायचं नाही, हा त्यांचा नेम होता. गणपतीच्या विसर्जनालासुद्धा ते वर रस्त्यावरच उभे राहत, आणि खाली 'मोरया' चालू असताना लोकांच्या गाड्या तपासत.

तपासणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक तुर्नवीस असे, म्हणजे लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर. गाडी दिसली की ते वाकत, बोटांच्या पेरांनी खालचा पत्रा वाजवत, कान लावत, आणि आवाज आवडला नाही की तुर्नवीस खुपसत. पत्रा चांगला असेल तर ओरखडा यायचा, सडलेला असेल तर भोक. गाडीचा मालक ओरडला की ते त्याच्यावर दुप्पट ओरडत. "भोक मी न्हाय पाडलं! भोक व्हतंच. मी फकस्त रंग काढला. रंग खोटं बोलतो. लारुय खोटं बोलत न्हाय!"

लारुय म्हणजे गंज. हा शब्द ते थुंकल्यासारखा उच्चारत.

एका लग्नाची गोष्ट आमच्या गावात अजून सांगतात. नवरदेव प्लेन दे पपायचा, म्हणजे बेटाच्या पार दुसऱ्या टोकाचा. फुलांनी मढवलेल्या गाडीतून आला. इकडे मंगलाष्टकं चालू, तिकडे आमचे काका आपल्या एकुलत्या एक काळ्या कोटात गाडीच्या पोटाखाली. अक्षता पडायच्या सुमाराला त्यांची गर्जना आली, "ह्या गाडीतनं पोरीला पाठवायची न्हाय!"

मुलीचा बाप हात जोडून धावला. "काका, मुहूर्त चाललाय."

"मुहूर्त थांबंल. लारुय थांबत न्हाय. ये, बघ!" आणि त्यांनी पाहुण्यांसमोर दाराखालच्या पत्र्यात तुर्नवीस मुठीपर्यंत घातला.

शेवटी नवरी सासरी गेली ती बँडवाल्यांच्या व्हॅनमध्ये, ढोलावर पाय ठेवून. त्यानंतर लोक त्यांना लग्नाचं आमंत्रण बिनचूक द्यायचे, पण गाड्या चिनी दुकानाच्या मागे लपवायचे.

आता आमच्या गाडीकडे येतो, कारण त्यांच्या रागाचं मूळ मला तिच्यामुळे कळलं.

गाडी माझ्या वडिलांची. लढाईच्या आधीची, काळी, विलायती, पाठ कासवासारखी. वडील ती सूयाक ते क्युरपीप टॅक्सी म्हणून चालवत. ते गेल्यावर गाडी माझ्याकडे आली. मी तेव्हा तेवीस वर्षांचा, साखरेच्या इस्टेटीच्या कचेरीत कारकून. आठवडाभर गाडी उभी असे आणि रविवारी आईला देवळात नेई. पण तिचं खरं काम वर्षातून एकदाच, गणपतीच्या विसर्जनाला. मागच्या सीटवर आई बसायची, तिच्या मांडीवर गणपती, पुढे फेर धरून झाकरीचा नाच करणारी मंडळी, आणि गाडी त्यांच्या मागे पावलापावलाने समुद्रापर्यंत.

समुद्रापर्यंत म्हणजे खरोखरच समुद्रापर्यंत. इतर घरांचे गणपती रस्त्यावर उतरवत. आमचा नाही. हा मान माझ्या थोरल्या चुलत्यांनी, आबांनी, मिळवलेला. आबा मराठी मंडळाचे अध्यक्ष. एरवी पुस्तकातलं मराठी बोलायचे आणि चिडले की सरळ क्रिओलवर घसरायचे. नदी समुद्राला मिळते तिथल्या वाळूवर पहिल्या वर्षी गाडी थोडी खाली उतरली. दुसऱ्या वर्षी आणखी थोडी. पुढे पुढे पुढची चाकं पाण्यात जाऊ लागली. एके वर्षी लाट दारातून आत आली, आईचे पाय भिजले, आणि देवाने स्वतः पाय धुतले म्हणून आम्ही सगळे 'मोरया मोरया' ओरडलो. विसर्जन झालं की सहा धिप्पाड माणसं छातीपर्यंत ओली होऊन त्याच गाडीत कोंबून बसायची. त्यांच्या धोतरांतून समुद्र गळायचा, तो रबरी मॅटखाली जायचा, आणि वर्षभर तिथेच राहायचा. अकरा वर्षं आम्ही हे मोठ्या भक्तीने केलं.

त्या वर्षी विसर्जनाच्या बारा दिवस आधी मी गाडी धुवायला काढली. मागची मॅट उचलली आणि मला गवत दिसलं. गाडीत गवत कसं, असा प्रश्न मला पडला. मग कळलं, ते गाडीत नव्हतं, अंगणातच होतं. मधला पत्रा नव्हता.

मी आबांकडे गेलो. आबांनी चष्मा पुसला. "दुरुस्तीस वेळ नाही. साखरेची गोणी घे, डांबरात भिजव, भोकावर चिकटव. त्यावर लिनोलियम. उत्सव निर्विघ्न पार पडला पाहिजे."

मी तेच केलं. खोटं कशाला सांगू, छान केलं. निळ्या फुलांचं लिनोलियम होतं. स्वतःवर खूश होऊन मी गाडी फिरवायला काढली, आणि कुठून बुद्धी झाली कोण जाणे, बदामाच्या झाडाजवळून गेलो.

काका रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. मी ब्रेक लावला. त्यांनी नाक वर केलं.

"डांबराचा वास येतो."

"रस्त्याचा असेल, काका."

"रस्त्याचं डांबर येगळं, चोराचं येगळं. खाली उतर. आता मागं बस. तुजी आय बसते तितं."

मी बसलो. "पाय ठेव. ठेवलास? आता दाब. मी बोलतो दाब! उभा ऱ्हा त्यावर!"

मी उभा राहिलो, आणि निळ्या फुलांमधून सरळ खाली गेलो. दोन्ही पाय रस्त्यावर, कमरेवरचा भाग गाडीत. त्या अवस्थेत मी दोन-चार पावलं चालून पाहिली, मला हसू आलं. वाटलं, काकाही हसतील. वर बघितलं तर त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ओरडत नव्हते. हीच भयंकर गोष्ट होती. त्यांनी हात घालून चावी काढली, खिशात टाकली आणि शेडमध्ये निघून गेले.

अर्ध्या तासात आबा हजर. मंडळाचे अध्यक्ष, हातात छत्री, अंगात कोट.

"गाडी परत करा. अकरा दिवसांनी विसर्जन आहे."

"न्हाय करत."

"ही देवाची गाडी आहे!"

"देवाची? मंग तिच्यात मीठ कुणी घातलं? देवानं? अकरा वर्सं मी वर उबा ऱ्हाऊन बोंबलतो, गाडी पाण्यात घालू नका, वल्या ढुंगणानं बसू नका! तुमी देवाला बुडवता ते बुडवता, गाडी बी बुडवता! बुरिक!"

बुरिक म्हणजे गाढव. मंडळाच्या अध्यक्षांना हे असं तोंडावर आजवर कुणी म्हटलेलं नव्हतं. आबांचं पुस्तकी मराठी संपलं. "पा पोसिब! पा पोसिब!" एवढंच ते छत्री आपटत ओरडत राहिले. असं होणं शक्य नाही, असं त्यांना म्हणायचं होतं. मलाही राग आला. माझी गाडी, माझ्या बापाची गाडी, आणि हा माणूस चावी खिशात घालून उभा. मी म्हणालो, "काका, एका दिवसापुरतं डांबर चाललं असतं. तुम्हाला नसती ओरडायची सवय लागलीये."

ते माझ्याकडे वळले.

"मी इस्टेटीच्या कारखान्यात व्हतो तवा," ते म्हणाले, "उसाला बायका न्यायची लॉरी व्हती. तळ गेलेला. मी साहेबाला बोललो, गेलाय. साहेब बोलला, डांबर लाव, गोनी लाव. मी गप बसलो. लावलं. तिसऱ्या दिसाला एक बाई तळातनं पायानं खाली गेली. लॉरी चालत व्हती."

आबांची छत्री थांबली.

"ती हाय अजून. बाजारात भाजी इकते, बसून. तिला उबं ऱ्हाता येत न्हाय. मी दिसलो का राम राम करते. हासते. रागवत न्हाय." त्यांनी तुर्नवीस खिशातून काढला, परत ठेवला. "मंग कुणीतरी रागवायला नको?"

मग त्यांनी आबांना, मला आणि झाडावरच्या मैनांना एकेक शिवी दिली आणि म्हणाले, "अकरा दिस पुरे. जावा."

त्या दिवसांत मी कचेरी सुटली की रोज शेडवर जाई. माझ्या डोळ्यांसमोर त्यांनी माझ्या वडिलांच्या गाडीचं पोट रिकामं केलं. सीटा काढल्या, मॅटी काढल्या. गाडी ओंडक्यांवर चढवली. तळ कापायच्या आधी दाराच्या चौकटींत आडव्या लोखंडी पट्ट्या बसवल्या, का तर खालचा पत्रा गेला की गाडी मधोमध बसते आणि मग दारं जन्मात लागत नाहीत. मग छिन्नी घेऊन कापायला बसले. मला वाटलं, भोकाभोवतीचं वीतभर कापतील. ते कापतच गेले. तांबूस दिसलं की काप, तुर्नवीस रुतला की काप. संध्याकाळी मी पाहिलं तर तळच नव्हता. चारी बाजूंना काठ, आणि मधून शेडची जमीन, तीवर एक कोंबडी फिरत असलेली.

"काका, चांगलाही पत्रा कापलात की!"

"चांगला? हा? काठावर एक दाणा लारुय ठेवली तर ती नव्या पत्र्याला बोलावते, ये बाय, बस हितं. समदं काढायचं. तुजा आबा काठावरची लारुयच हाय!"

पुठ्ठ्याचे नमुने कापून त्यांनी आधी ते आत बसवून पाहिले, तिसऱ्यांदा मनासारखे झाले, पहिले दोन पायाखाली तुडवले. मग पत्रा कापला. पत्रा सपाट ठेवला तर गाडी चालताना तो ढोलासारखा वाजतो, म्हणून त्यावर हातोड्याने पन्हळी उठवल्या, एकेक पन्हळ बोटाच्या जाडीची. ठोका चुकला की हातोडा अंगणात जायचा, आणि ते स्वतःच शिव्या देत जाऊन तो घेऊन यायचे. वेल्डिंग सलग केलं नाही. इथे बोटभर, मग पलीकडच्या टोकाला बोटभर, मग मध्ये. एका जागी जास्त तापवला तर पत्रा वाकडा होतो. "माणसासारखा," असं ते म्हणाले, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी वाकडं केलंच असणार.

विसर्जनाच्या चार दिवस आधी तळ तयार झाला. त्यांनी त्याला आतून-बाहेरून मिन्योमचा हात दिला. गंज लागू नये म्हणून लोखंडाला लावतात तो भगवा-लाल रंग. तो वाळला की वरून काळा द्यायचा, असं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई गाडी बघायला आली.

तिने दार उघडलं, आत बघितलं आणि चपला काढल्या.

"अगं बाई," ती म्हणाली. "शेंदूर."

"मिन्योम हाय, वयनी," काका म्हणाले. "रंग."

"शेंदूरच हा. आमच्या मारुतीला ह्योच असतो. ह्यावर मी पाय ठेवू?"

"त्यावर काळा येनार हाय. मंग ठेवा."

आईने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जी एरवी ती फक्त आबांसाठी राखून ठेवी. "शेंदरावर काळं फासणार? भाऊ, तुमी माणूस हाय का कोण?"

आता हे खरं, की लोखंडाचा तो रंग आणि मारुतीच्या अंगावरचा शेंदूर, दोन्ही शिशाचेच. आईची नजर चुकली नव्हती. पण काकांना त्याचं काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी डबा दाखवला, डब्यावरची फ्रेंच अक्षरं दाखवली, कपाळ बडवून घेतलं, झाडाला लाथ मारली. आई नमस्कार करून निघून गेली, आणि काळा रंग राहून गेला. कारण गाडी माझी असली, तरी आई माझी होती.

विसर्जनाच्या दुपारी आई मागच्या सीटवर मांडी घालून बसली, पाय वर, कुशीत गणपती. तीन मैल ती तशीच बसली. वाळूच्या तोंडाशी आलो तसे आबा पुढे झाले. अकरा वर्षांचा मान, वरून दोन गावांची माणसं बघत असलेली. "घे खाली!" त्यांनी छत्री समुद्राकडे केली.

मी गियरवर हात ठेवला. मागून आईचा आवाज आला. "शेंदराची गाडी खाऱ्या पाण्यात घालाल? हितंच उतरवा."

"अहो, ही परंपरा आहे..."

"मी बसले हाय ना आत? मंग मला बी बुडवा."

गाडी रस्त्यावरच राहिली. गणपती हातांहातांतून वाळूवर गेला, लाटांत गेला, छातीएवढ्या पाण्यात गेला. झाकरीवाले भिजले, आबा भिजले, सगळे नाचत नाचत वर आले, आणि नेहमीप्रमाणे गाडीकडे निघाले. आई दारात उभी.

"वलं कुणी चढायचं न्हाय. वाळूचं पाऊल आत न्हाय."

"मीसुद्धा?" मंडळाचे अध्यक्ष, धोतरातून पाणी निथळत.

"तुमी तर पैले न्हाय."

आणि काय सांगू, मंडळी, सहाच्या सहा माणसं चपला हातात घेऊन घराकडे चालायला लागली. जे काम काकांच्या अकरा वर्षांच्या बोंबलण्याने झालं नव्हतं, ते आईच्या एका नमस्काराने झालं. मी आनंदाने वेडा व्हायचा बाकी होतो. काका पलीकडे उभे होते. मला वाटलं, आज तरी हा माणूस खूश होईल.

ते तरातरा गाडीशी आले.

"वयनी, हे खोटं हाय! मिन्योम हाय, डब्यातला रंग! देव न्हाय त्यात!"

मी त्यांचा कोपर धरला. "काका, गप बसा ना. तुमचंच काम होतंय. कुणी ओलं बसणार नाही. पत्रा जन्मभर टिकेल."

"गप बसू?" ते माझ्यावर उलटले. "मी एकदा गप बसलो व्हतो!" आणि चालत निघालेल्या ओल्या माणसांना ऐकू जावं म्हणून तोंडाभोवती हात धरून ओरडले, "रंग हाय, रंग! मिठानं पत्रा सडतो म्हणून वलं बसू नका! देवाच्या भ्यानं न्हाय!"

आबा थांबले. सगळे थांबले. मी डोळे मिटले. आता सहाही जण परत फिरून गाडीत बसणार, अशी माझी खात्री झाली.

आई शांतपणे म्हणाली, "मला ठाव हाय, भाऊ, डब्यातला हाय. आताच बुडवला तो गणपती तरी कुठला? नदीच्या चिखलातला. माज्या हातानं चिखल आणला मी."

एवढ्या वर्षांत काकांना शिवी शोधताना मी पहिल्यांदाच पाहिलं. सापडली नाही. आबांनी एकवार गाडीकडे बघितलं, एकवार आईकडे, आणि पुन्हा घराची वाट धरली. बाकीचे त्यांच्या मागे.

"तुमी कोरडे हाय," आई म्हणाली. "सबंद गावात एकटे. चला, बसा."

"मी चालत जाईन."

"बसा म्हनले ना."

त्यांनी बूट काढले, दोन्ही एकमेकांवर आपटून त्यांतली वाळू झटकली, त्या वाळूलाही काहीतरी बोलले, आणि माझ्या शेजारी बसले. मी गाडी सुरू केली. नवा तळ जरासुद्धा वाजला नाही. थोडं पुढे गेल्यावर माझं लक्ष गेलं. त्यांनी पाय वर घेऊन सीटवर मांडी घातली होती.

मी फक्त बघितलं होतं.

"रंग वला हाय अजून," ते खेकसले. "पाय उमटतील."

रंग वाळून तीन दिवस झाले होते.